शेवटची चार मिनिटं

काचेचं नळकांडं, पाणी पंचवीस अंश.
उंदीर आत सहा मिनिटं, मोजायची शेवटची चार.
पहिली दोन धरत नाहीत,
पहिली दोन मिनिटं सगळेच हातपाय मारतात.

त्यानंतर जो थांबतो,
नाक तेवढं वर ठेवून तरंगतो,
त्याच्यापुढे मी लिहिते: स्थिर.
वर्षअखेरीस शोधनिबंधात त्याचं होतं: हताश.

रावजीभाई पिंजरे धुतात.
एकदा पोछा टेकवून बघत राहिले, म्हणाले,
"बेन, आ तरे छे के डूबे छे?"
मी स्टॉपवॉच बघत होते. उत्तर राहून गेलं.

संध्याकाळी काळ्या घोड्याच्या पुलावर स्कूटर लावते.
खाली विश्वामित्री. गाळात मगर,
जबडा उघडा, दुपारी होती तशीच.
तिच्यापुढे कुणी हताश लिहीत नाही.
शेंगवाला म्हणतो, ऊन खातेय.

नव्वद दिवस, रोज सकाळी,
बोथट टोकाची वाकडी सुई जिभेमागून थेट पोटात.
शेपट्यांवर जांभळ्या रेघा: एक, दोन, तीन,
पुढे मीही विसरते, वही बघते.

औषधवाले थांबत नाहीत. पोहतात,
काचेला नाक लावून गोल गोल,
कुठे जायचंय ते ठाऊक असल्यासारखे.
टाळ्या वाजवाव्यात असे आकडे.
मग तिसरा महिना लागतो.
नवा नर पिंजऱ्यात सोडला तर जुना त्याला हुंगतो
आणि जागा करून देतो.
मादी जवळ आली तरी जवळपास तेच.
भुशात पुरायला ठेवलेल्या वीस गोट्या
सकाळी वीसच्या वीस वर, चकाकत.
हेही सुधारणेतच धरायचं, असं मॅडम म्हणतात,
आणि चष्मा काढून पुसत बसतात.

आमच्या मुरारमामाला तीच गोळी, अकरावं वर्ष.
त्याआधीच्या श्रावणात तो याच पुलावर उभा होता,
रात्री अडीचला, चपला नीट जोडीनं काढून.
एका रिक्षावाल्यानं घरी आणून सोडला,
भाडंही घेतलं नाही.
तेव्हा गोळीला नावं ठेवायची आमच्या घरात
कुणाची टाप नाही. माझी तर नाहीच.

फक्त, प्रतापनगरच्या वर्कशॉपातला हा फिटर
तरी कमी पडली म्हणून सेवउसळवाल्याशी भांडायचा,
पत्त्यांत हरला की पंजा खिडकीबाहेर फेकायचा,
माझ्या बारशाला म्हणे इतका रडला
की बाळ कुणाचं, असं शेजारणीनं विचारलं.
आता ताटात पडेल ते जेवतो.
भाचीचं लग्न मोडलं, तेव्हा ऐकून घेतलं,
पंख्याचं बटण एकावर एक घर वाढवलं.

उंदरांसाठी दोन बाटल्या असतात, साधं पाणी आणि साखरेचं.
बरं वाटणारा जीव गोडाकडे जातो, असं गृहीत आहे.
रविवारी मी मामापुढे दोन कप ठेवले,
एकात दोन चमचे साखर, एकात काहीच नाही.
त्यानं डावा प्यायला. मग उजवा.
मी विचारलं, काही फरक?
"हो. दुसरा निवला होता."

लाजले मी. कप विसळायला उठले.

आज तीन रेघांवाल्यानं,
ज्याला आम्ही नुसतं पाणीच पाजतो,
पुसताना हातमोज्यातून कडकडून चावा घेतला.
मामानं बोट हातात धरलं, उजेडाकडे वळवलं,
हळद आणायला उठला, डबा सापडेना,
उघडी फडताळं तशीच ठेवून परत आला.

"घाबरलं असेल," म्हणाला. "पाणी गार होतं?"
पंचवीस अंश, मी सांगितलं.
जरा विचार केला त्यानं.
"मग गारच."