कडेचं बदक

एकतीस वर्षं कमाटीबागेत रात्रपाळी केली.
झोपलेल्यांवर नजर ठेवायचा पगार घेतला.
आता रिटायर्ड. डॉक्टर म्हणतात,
चारनंतर चहा बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत,
पाय कोमट पाण्यात, मग डोळे मिटा.
मिटतो.
मिटल्या डोळ्यांनी दांडियाबाजारातली एकेक रिक्षा ऐकतो.

झोप म्हणजे काय हे मला तोंडपाठ आहे.
अस्वल उताणं, पंजा नाकावर,
घोरणं थेट फाटकापर्यंत.
माकडं गाठोड्यासारखी एकमेकांच्या कुशीत,
एकाला खाज सुटली की पाच जण कूस बदलणार.
अजगर झोपलाय का, हे विचारू नये.
त्याला पापणीच नाही.

तळ्याकाठी बदकं ओळीनं बसायची
आणि कडेचं बदक
बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून झोपायचं,
अर्धं झोपेत, अर्धं ड्यूटीवर.
मधूनच उठून जागा बदलून घ्यायची ती आपसात.
आमच्या पाळीत तेवढं नव्हतं.

पाणघोडी पाण्याखाली झोपायची.
चार-पाच मिनिटांनी झोपेतच वर,
नाकपुड्या उघडायच्या, फुस्स, परत खाली.
नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी बॅटरी धरून
हौदाच्या कठड्यावर बसायचो आणि मोजायचो.
साडेपाच मिनिटं झाली की घाम फुटायचा.
गिरधरकाका हसायचे,
"तिला श्वास घ्यायला तू लागत नाहीस रे बाबा."
तरी मोजायचो.

घरी हंसा.
एकतीस वर्षं पलंगावर एकटी,
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरपी,
एक पाय चादरीबाहेर, उशाशी पुटपुटणारा रेडिओ.
माझ्यासाठी तिनं स्वतःला सरळ करून घेतलं,
काही बोलली नाही.
फक्त झोपेत तिचा गुडघा जुन्याच वाटेनं येतो
आणि माझ्या बरगडीला धडकून थांबतो.

गादीला मधोमध एकच खळगा.
दोघंही त्यात घरंगळतो,
रात्रीतून चारदा सॉरी म्हणतो,
लग्नाला चौतीस वर्षं झालेली माणसं.

म्हणून युनुसभाई पिंजाऱ्याला गच्चीवर बोलावलं.
गादी उसवली. कापसातून निघालं ते:
दोन आकडे, मुलीचा दुधाचा दात,
आणि माझ्या युनिफॉर्मचं पितळी बटण.
मी युनिफॉर्मवर इथं कधी झोपलो होतो,
दोघांनाही आठवेना.

युनुसभाईंनी हातातली काठी थांबवून विचारलं,
"केटला जण सूए छे?"
हंसा म्हणाली, "बे."
मग कापसाकडे बघत, "हवे बे."
गुजरातीत हवे म्हणजे आता.
ती कुठल्या भाषेत बोलली, मी विचारलं नाही.

पिंजणाची तार टण्ण टण्ण वाजत राहिली,
ऊन पाठीवर आलं,
आणि मी भर दुपारी अकरा वाजता
पिंजलेल्या ढिगाला टेकून झोपून गेलो.
कुणी उठवलं नाही.
युनुसभाई म्हणे माझ्याभोवतीनं पिंजत गेले.
अंगावर इतका कापूस की शेजारची पोरगी हसत होती.

रात्री नवी गादी. सपाट, अनोळखी, फुगलेली.
डॉक्टरांचं सगळं ऐकून झालं, शिवाय एक कप चहा, चोरून.
तीनच्या सुमारास जाग आली, म्हणजे अर्धीच.
माझ्या नाकाखाली हंसाचं बोट.
थंड. हिंगाचा वास.
ती मोजत होती.

सांगणार होतो,
बाई, मला श्वास घ्यायला तू लागत नाहीस.
नाही सांगितलं.
वर आलो, फुस्स, परत खाली गेलो.

सकाळी चहा ठेवताना म्हणाली,
"अस्वलासारखे घोरता."
तिला अस्वल कुठं माहीत?
एकतीस वर्षांत एकदाही ती रात्री बागेत आली नव्हती.
मीच कधी बोलावलं नव्हतं.