ना हरकत

गुलशेर तडवी अध्यक्ष झाला त्या दिवशी
क्लबात पंखे दोन, चालू एक.
झेंडूचा हार उकाड्यानं मलूल,
आणि खुर्ची अशी की उजवा पाय आखूड,
तिच्याखाली एक्क्याऐंशीची स्मरणिका दुमडून घातलेली.
तो बसलाच नाही.
खुर्चीमागं उभा राहिला, हात पाठीवर,
कॉर्नरच्या वेळी पहिल्या खांबाशी राहायचा तसा.

मी चुडामण भारंबे. आधी राइट आउट,
गुडघा गेल्यावर चुना मारणारा.
आता चिटणीस म्हणतात, चुना अजून मीच मारतो.
भुसावळच्या काळ्या मातीत रेघ टिकत नाही, भो.
मेमधे बोटभर भेगा पडतात,
अख्खा पेनल्टी बॉक्स जमीन पिऊन टाकते.

यावलकडून आला तेव्हा हा अनवाणी.
बाप सातपुड्यात डिंक गोळा करायचा.
खेळावर लोको शेडमधे खलाशी लागला:
दिवसभर इंजिनाखाली, चारला भोंगा,
साडेचारला मैदान.
अंगाचा डिझेलचा वास घामानं जायचा नाही,
उलट सगळ्या टीमला लागायचा.
खांडव्याचा सहा फुटी सेंटर फॉरवर्ड
एकदा कमरेवर हात ठेवून म्हणाला,
हा माणूस आहे का रेल्वेचं फाटक?
तेच नाव पडलं.

अध्यक्षाला लोखंडी कपाटाची किल्ली मिळते.
आत तीन फुसके ब्लॅडर, मणी हरवलेली शिट्टी,
भरीत-पार्टीची न फेडलेली बिलं,
आणि तळाशी एक पाकीट. कलकत्त्याचा शिक्का.
फेब्रुवारी त्र्याऐंशी.
‘आपले स्टॉपर श्री. तडवी यांना दोन मोसमांसाठी...’

त्यानं उभ्यानंच वाचलं. पुन्हा वाचलं.
मग म्हणाला,
‘तेव्हा चहा तूच आणायचास ना, चुडामण?’
‘हो.’

मी ट्रे घेऊन दारात होतो.
झोपे वकील तेव्हाचे अध्यक्ष; पाकीट कपाटात सारत म्हणाले,
फाटक उघडं टाकून कसं चालेल?
मी हसलो होतो.
तो मागं असला की मला मागं पाहावं लागत नसे.
खरं सांगायचं तर एवढंच.
एवढ्यासाठी मी चाळीस वर्षं गप्प.

त्यानं पाकीट होतं तिथं ठेवलं. कुलूप लावलं.

या पावसाळ्यानंतर सम्यक तायडेचं आलं.
एकोणीस वर्षांचा, डाव्या पायाचा,
बापाची स्टेशनबाहेर आम्लेटची गाडी.
गोव्याच्या क्लबाचं पत्र पोराच्या मोबाइलवर,
काच तडकलेली, त्यामुळे पगाराचा आकडा दोनदा दिसायचा.
ना हरकत शुक्रवारपर्यंत हवी.
रविवारी जळगावशी सेमीफायनल.
कमिटी म्हणाली, सोमवारी देऊ, काय जातंय?
एकजण म्हणाला, पत्र मिळालंच नाही म्हणा.

गुलशेर पहिल्यांदा खुर्चीत बसला.
खुर्ची डगमगली.
शिक्क्याचं पॅड वाळलेलं, मी चहाचे दोन थेंब टाकले.
त्यानं शिक्का तीनदा उठवला,
एकदा पुसट, एकदा उलटा, एकदा नीट.
पोरगं पाया पडायला वाकलं
तर म्हणाला, वाकू नको, गाडी चुकेल.

रविवारी चार-शून्य.
पब्लिकनं केळीच्या साली फेकल्या,
आमच्याकडे त्यांना तोटा नाही.
क्लबाच्या भिंतीवर कोळशानं कुणी लिहिलं:
फाटक विकलं.

सोमवारी पहाटे मी घमेलं घेऊन गेलो
तर तो आधीच मैदानात,
चपला काढून, अनवाणी.
दोरीचं दुसरं टोक उचललं त्यानं न विचारता.
मी चुना सोडत गेलो.
मधल्या वर्तुळापाशी दोरी ढिली पडली,
रेघ वाकली.
मी मान वर केली नाही.
‘चहा पाज,’ तो तिकडून म्हणाला.
कुठल्या आवाजात म्हणाला
ते अजून ठरवतोय.