परतीची वेळ

वाटेच्या तोंडाशी बूट घासायचा ब्रश,
औषधाचं तबक, आणि खांबावर पत्र्याची पेटी.
पेटीत वही. वहीला सुतळीनं बांधलेली पेन्सिल,
जी दर महिन्याला कुणीतरी नेतं,
सुतळीसकट.

रविवारी चारच्या सुमाराला मी येतो.
आत किती गेले, बाहेर किती आले, ताडून बघतो.
वाट पाहणं हे माझं काम,
अगदी शब्दशः: आडवं पडलेलं झाड,
सुटलेली पायरी, पुसट झालेला बाण.
पगार नाही. एक टोपी मिळाली आहे.

ऑगस्ट संपतोय. वॅटल इतका पिवळा
की नाक आधीच शिंकायला बसलेलं.
वहीत आज:
ओकली, पाच जण, नऊ वीस. परत बारा दहा.
टरीन, वय आठ. परत: भूक लागल्यावर.
बिननावाचा एक: गोचीड!!!
ट्वीडी, कॉलिन. सात चाळीस.
पुढचा रकाना कोरा.

कॉलिन ट्वीडीनं चाळीस वर्षं बस चालवली.
त्याचा रकाना कोरा राहत नाही.

मी टॉर्च घेतला आणि उतरू लागलो.
जळक्या बुंध्यांचे बँक्सिया, बोंडांची तोंडं उघडी,
जणू सगळ्यांना एकदमच काही आठवलं.
मग त्या गोऱ्या सालीच्या निलगिरी,
ज्यांच्यावर अळी मोडी लिहिते,
हात न उचलता.
सालीखालून जाते, एका जागी वळते,
आपल्याच रेघेला खेटून परत येते, जरा जाड होऊन.
साल गळते तेव्हा अक्षर दिसतं.
लिहिणारी केव्हाच उडून गेलेली.
(मी काही वाचत थांबलो नाही. पावणेपाच झाले होते.)

ओढ्याकाठच्या कातळावर खोबणी आहेत,
कुऱ्हाडींना धार लावून लावून पडलेल्या.
या मुलखाच्या मूळ माणसांचे हात इथे मागेपुढे होत राहिले,
किती पिढ्या, ते फलकावरही लिहिलेलं नाही.
त्यात पाणी साचतं. मी नेहमी ओलांडून जातो,
पाय न बुडवता.

दुसऱ्या ओढ्याच्या बाकावर कॉलिन.
थर्मास रिकामा, गुडघ्यावर फोन, वर तोंड करून.
"शूऽ," तो म्हणाला, मलाच.

चाबूकपक्षी.
आधी लांब, ताणत नेलेली शीळ,
मग फटका, सगळं रान दचकेल असा.
मग काही नाही.

"सकाळपासून नुसता नर," कॉलिन म्हणाला.
"मादीनं लगेच उत्तर द्यायचं असतं. दोनदा, चिवचिव.
नोएलीन म्हणायची, एकच पक्षी आहे तो.
शेहेचाळीस वर्षं भांडलो आम्ही, याच बाकावर.
म्हणायची, दोन असते तर इतकं जुळलं नसतं."

नोएलीन आता गावातल्या केंद्रात, खिडकीजवळच्या पलंगावर.
त्याला 'ड्रायव्हर' म्हणते. तिकिटाचे पैसे देऊ करते.
पण आवाज ओळखते, किटलीचा, फाटकाचा.
म्हणून हे ध्वनिमुद्रण. नऊ तास.
सगळं अर्धं.

"बॅटरी सहा टक्के," तो म्हणाला, आणि उठला.
उठायला वेळ लागला. मी दुसरीकडे बघितलं.

चढणीवर तो पुढे, मी उजेड धरून मागे.
तिसऱ्या पायरीपाशी शीळ आली, फटका आला,
आणि डावीकडच्या नेच्यांतून, श्वासाचंही अंतर न ठेवता,
दोनदा. चिवचिव.

फोन त्याच्या खिशात होता.
दोघं थांबलो.
पुन्हा नाही झालं.
मग त्याचे बूट पुढे वाजू लागले, मी पायरीचा खिळा
पुढच्या रविवारी बघायचं ठरवलं.

पेटीशी त्यानं पेन्सिल ओली केली, जिभेवर,
आणि लिहिलं: परत, पाच पन्नास.
शेरा: एकच पक्षी.

माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.
ब्रशापाशी गेला,
आणि अंधारात बराच वेळ
बूट घासत राहिला, आधी एक,
मग दुसरा.