सपाट बाजू

डाळमिलच्या एका चाळणीला अकरा हजार भोकं.
बिरादार मालकांनी काल त्यातलं एक
नखानं चाचपलं आणि म्हणाले,
काठ लागतोय. तूर अडकते.
लेसर म्हातारा झालाय का, तेवढं सांगा.

लातूरच्या एमआयडीसीत, एप्रिलात, पत्र्याखाली
मी टेबलावर रूळ मांडते. रुळावर कॅमेरा,
कॅमेऱ्यापुढे काळ्या काचांचे तुकडे,
आणि पाचरीच्या काचेवरून उतरवून घेतलेला किरण,
हजारातला एखादाच भाग.
बाकीचा पाण्यानं गार ठेवलेल्या डब्यात मरू दिलेला.
दिसत काहीच नाही.
हवेतली धूळसुद्धा चमकत नाही.
असं काही मोजायचं असलं
की भिंग उचलताना हात जड होतो.

डब्यात भिंगं आहेत, कागदात गुंडाळलेली.
शंभराचं फार लवकर गोळा करतं:
टिंब इतकं बारीक, की कॅमेऱ्याच्या
तीन-चार चौकटींत मावतं.
तीन चौकटींत कुणाचा चेहरा ओळखणार?
हजाराचं सावकाश, सभ्य,
पण त्याची कंबर पडते भिंतीपलीकडे,
शेजारच्या वेल्डिंगवाल्याच्या किटलीत.
तीनशेचं घेतलं.

किरणाला कंबर असते म्हटल्यावर मन्मथ लाजला.
मग त्याला गंजगोलाई सांगितली:
सोळा रस्ते मध्याकडे येतात,
पण मध्ये टिंब नाही रे, इमारत आहे.
एकत्र यायलाही जागा लागतेच.
किती लागते, तेच मोजायचं.
निसर्ग म्हणतो निदान एवढी; त्या एवढीला आपण एक म्हणतो.
एकाच्या खाली कुणी नाही.
"आन जवळून बगून भागत न्हाई का?"
नाही. कमरेपाशी पाच मापं,
मग लांब जाऊन पाच.
कोण किती पसरतो, ते लांबूनच कळतं.

दुपारी आकडा आला. एक पूर्णांक नऊ.
टिंबाभोवती फिकट कडं,
तव्याच्या काठाला करपलेल्या तेलासारखं.
मालकांनी फोन काढला.
पुण्याचा माणूस, नवा सोर्स, बावीस लाख.
मग कुणीच बोललं नाही.
चिलर तेवढा घरघरत राहिला.

मी ऐकत होते, आणि बघत होते
भिंगाच्या कडेवरचा बाण.
पेन्सिलीचा. माझाच, मागच्या वर्षीचा.
तो किरणाकडे असायला हवा.
कॅमेऱ्याकडे होता.
"मन्मथ, हे तू काढलं होतंस?"
"पुसून ठिवलाव की म्याडम. लई धूळ होती."

पुसलं होतं खरंच. एक बोट उमटलेलं नव्हतं.
फक्त सपाट बाजू पुढे आली होती.
सपाट बाजूतून किरण सरळ आत शिरतो, न वळता,
आणि वळायचं सगळं ओझं
मागच्या एकट्या गोल अंगावर.
काठानं आलेले आधीच मिळून मोकळे होतात,
मधले पुढे जाऊन एकमेकांना शोधतात.
भिंगाची उधारी
किरणाच्या खात्यावर.

दोन स्क्रू. अर्धं वळण.
मग परत दहा मापं; मध्ये एकदा लाईट गेली,
म्हणून पुन्हा पहिल्यापासून.
पाचला: एक पूर्णांक दोन.

"मग काठ कामून लागूलालाय?"
माहीत नाही, म्हटलं. उद्या नोझल बघते,
गॅस बघते, पुढची काच बघते. लेसर म्हातारा नाही.
मालक खूश झाले नाहीत.
मघाशी दोषाला निदान किंमत होती.

वहीतला एक पूर्णांक नऊ मी खोडला नाही.
पुढे लिहिलं: भिंग उलटं.
आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरात:
न बघता लावलं, मी.

मन्मथनं तोवर मार्कर शोधला होता.
भिंगाच्या डब्यावर त्यानं लिहिलं,
फुगीर बाजू मशीनकडं,
आणि शेजारी एक पोट काढलं,
बेंबीसकट.