बादलीची परीक्षा

सूसच्या टेकडीखाली, प्लॉट नंबर अकरा.
बत्तीस बाय चौदा, खोल बाजूला साडेपाच फूट.
हे त्याला पूल म्हणतात, मी हौद म्हणते.
लोक विचारतात, रोज पोहता का हो?
मला पोहता येत नाही.
मला क्लोरीन येतं.
पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी नाही, हे येतं.
पंपाचा आवाज बदलला की पोळी तव्यावर टाकून धावता येतं,
बुडत्या मधमाशीला करंजाचं पान देता येतं.

सगळं ह्यांनी शिकवलं.
सोहारला एकवीस वर्षं. कंपनीच्या कॉलनीत
मे महिन्यात पाणी इतकं तापायचं
की मासळीबाजारातून बर्फाच्या लाद्या आणून सोडायचे,
आणि पोरं त्यांना पोट टेकून किंचाळायची.
भिंतीबाहेर वाळू, थेट क्षितिजापर्यंत.
तिथेच ठरलं, पुण्याला जाऊ, घर बांधू,
स्वयंपाकघराच्या आधी हौद खणू.
तसाच खणला.
माझा ओटा अजून अर्धा इंच कलता आहे.

यंदा एप्रिलात पाणी उतरायला लागलं.
रोज बोटभर.
टँकर दोन हजार, मग अडीच, मग 'बघतो, ताई'.
समोरच्या सोसायटीत नळ दिवसाआड.
गद्रेबाई फाटकाशी थांबून म्हणाल्या,
'काय, समुद्र कसा आहे तुमचा?'
म्हटलं, 'ओहोटी आहे.'
त्या हसल्या नाहीत. मीही नाही.

हे म्हणाले, गळती आहे.
सकाळी म्हणाले, दुपारी म्हणाले,
जेवताना आमटीच्या वाटीत बघत म्हणाले.
गेल्या दिवाळीपासून ह्यांना एक वाक्य
दिवसभर पुरतं.

बशीर तांबोळी येतो सोमवारी आणि गुरुवारी.
हे त्याला कुंजुमोन म्हणतात.
कुंजुमोन सोहारचा. आहे की गेला, ठाऊक नाही.
पहिल्या वेळी बशीरनं माझ्याकडे पाहिलं.
दुसऱ्या वेळेपासून 'जी साब' म्हणायला लागला.

सोमवारी त्यानं बादली मागितली.
दिली, आंघोळीची, निळी, कडी तुटलेली.
पायरीवर ठेवली, तळाशी वीट,
हौदाच्या पातळीइतकं आत पाणी,
मार्करनं आतून एक रेघ, बाहेरून एक.
'बाहेरचं जास्त उतरलं तर गळती.
दोन्ही सारखं, तर काय नाय. ऊन.'

तीन दिवस पंप बंद. तीन दिवस बादली
पायरीवर बसून होती, पाहुण्यासारखी.
हे म्हणाले, वाळू उडते आहे, खिडक्या लाव.
लावल्या.
खरंच उडत होती. पलीकडे तेरा मजले चढताहेत.

गुरुवारी गाऊन खोचून मीच उतरले, दोन पायऱ्या.
पाणी वरणाइतकं कोमट.
बशीरनं अंगठा लावून मोजलं, आधी आत, मग बाहेर,
मग पुन्हा आत.
'सारखंच. हौद चांगलाय, मावशी. कुठं फुटला नाय.'

वहीत डिसेंबरपर्यंत ह्यांचं अक्षर, ठसठशीत,
सात ओढलेला, सातला मधे आडवी रेघ.
पुढे माझं.
तारीख, पीएच सात पॉइंट चार, गळती नाही.

'मग जातं कुठे?' ह्यांनी विचारलं.
'वर,' बशीर म्हणाला.
ह्यांनी वर पाहिलं. बराच वेळ.
टेकडीवरून एक घार नुसतीच फिरत होती.
मग म्हणाले, 'कुंजुमोन, उद्या बर्फ सांगून ठेव.'
'जी साब.'

शुक्रवारी बशीर येत नाही.
रात्री फ्रीजर उघडून पाहिला.
दोन ट्रे.
त्यातल्या एकात वाटण गोठवलंय.