रकाना

बिस्मार्कच्या कचेरीत आज एक फॉर्म आला.
ओहायोतली कंपनी, सायलोची झाकणं करणारी,
या राज्यातला आपला माणूस बदलते आहे.

जुना एजंट: ऑर्विल त्वाइट, गॅरेजवरची खोली.
एकोणीस वर्षं कंपनीच्या नावचे समन्स
त्याने दारात घेतले, चष्मा पुसत,
आणि त्याच दिवशी पुढे धाडले.
कंपनीतल्या कुणी त्याचा चेहरा पाहिला नव्हता.

नवा पत्ता: काचेची इमारत, चौथा मजला.
नव्याची संमती जोडलेली.
जुन्याची लागत नाही.

का बदलला, याला फॉर्मवर रकाना नाही.
मी शिक्का मारते.

दुपारी फोन येतो. मार्लिस त्वाइट.
"दारावरची पाटी उतरवू का?
की शेवटचं एखादं पाकीट
अजून वाटेत असेल?"