दम

ओरुरोच्या वेशीवर हवा बेताचीच मिळते,
शेजारून आणलेल्या साखरेसारखी, वाटी कधी काठोकाठ नाही.
तिथे देल्फिन आला पोटाशी टर्बो धरून,
खाणीच्या भंगारातला, लाल भोपळ्याएवढा.
म्हणाला, हा बसवा.
जुना मुठीएवढा, चढावर नुसत्या शिट्ट्या घालतो.

बाबांनी बोटाने पातं फिरवलं.
"याला उठवायलाच," ते म्हणाले, आणि खोकला आला,
"पुष्कळ धूर लागेल."
सतरा वर्षं कथलाच्या खाणीत काढलेला माणूस
वाक्यं हप्त्याहप्त्याने बोलतो.
देल्फिन पहिल्या हप्त्यालाच बाहेर पडला होता.
नट मी आवळले.

सपाटीवर मात्र काय विचारता!
काटा उजवीकडे कलला, भोपळा गाऊ लागला,
हवा अशी कोंबत सुटला की तीस टन सिमेंट
पिसांचं वाटावं.
देल्फिनने माझ्याकडे पाहिलं,
जणू हवा त्याच्याच घरची.

मग कोचाबांबाचा घाट. तिसरं वळण.
पुढे लामांचा कळप, निवांत.
दुसरा गियर. पाय दाबला.
डिझेल आलं,
हवा आली नाही.
एक. दोन. तीन. चार.
आरशात मागचा रस्ता काळा होऊन नाहीसा झाला,
बूस्टचा काटा शून्यावर, शाळेला न उठणाऱ्या पोरासारखा.
इंजिनाने आचका दिला. मी उडी टाकली, चाकाला दगड लावला.

मोठ्या पात्याला मोठा धूर हवा,
धुराला आग, आगीला हवा,
आणि हवा आणणार कोण, तर तेच पातं.
दगडावर बसून मी हे तीनदा मोजलं.
लामा बघत होते.

"मग जुनाच बसवा," देल्फिन परत येऊन म्हणाला.
बाबांनी मान हलवली.
"लहान... लवकर उठतो.
पण इथल्या हवेत... तेवढंच भरायला...
जीव जाईस्तोवर फिरतो.
दांडा झिजतो आतून. कळत नाही."
फळीवरून त्यांनी मधला काढला, फुंकर मारली,
फुंकर पोचली नाही, मग फडक्याने पुसला.
"बूस्ट किती देईल?"
"त्याच्यापेक्षा कमी. वळणावर देईल."
देल्फिनने पैशांवरून अर्धा तास घातला.

भोपळा दाराशीच राहिला. त्यात आता आम्ही वायसर टाकतो.

रात्री वर जायला अकरा पायऱ्या.
चौथीवर बाबा थांबले, कठड्याला हात.
मी खालून हाक मारली नाही.
पाना पुसत राहिले,
मघाशीच पुसलेला.